डिस्क की डाउनलोड? महिन्याच्या खरेदीवरून मांडलेला हिशोब

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही पाच जण कोणाच्या तरी घरी जमतो आणि महिनाभरात काय काय घेतलं ते टेबलावर मांडतो. गेम, सिनेमे, क्वचित रद्दीवाल्याकडे सापडलेली एखादी जुनी व्हीसीडी. बायको याला आमचं हळदीकुंकू म्हणते. या खेपेला माझ्या पिशवीतून पीएस फाइव्ह या सोनीच्या गेम कन्सोलचे दोन गेम निघाले, त्यातला एक सेकंडहँड, शिवाय फोर-के ब्लू-रेचा, म्हणजे अतिस्पष्ट चित्राच्या सिनेमाच्या डिस्कचा, एक जाडजूड संच. समोरच्या मित्राने खिशातून फक्त मोबाईल काढला आणि पावत्यांचे सात ईमेल दाखवले. सात गेम, डबी एकही नाही, आणि सगळे मिळून माझ्या संचापेक्षा स्वस्त.

मावसभाऊ शेजारी बसून पोहे खात होता. त्याला पीएस फाइव्ह घ्यायचाय, पण डिस्क ड्राइव्हवाला घ्यावा की बिनड्राइव्हचा, यावर तीन महिने घोडं अडलंय. ‘दादा, तू एकदाच काय ते सांगून टाक,’ म्हणाला. एका वाक्यात सांगता येईना, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी पैसे, कारण भांडण तिथूनच सुरू होतं. २०२१ मध्ये पीएस फाइव्ह भारतात आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० ला होता आणि डिजिटल, म्हणजे बिनड्राइव्हचा, ३९,९९० ला. एप्रिल २०२४ मध्ये त्याचं बारीक ‘स्लिम’ मॉडेल आलं ते ५४,९९० आणि ४४,९९० ला. दोन्ही वेळा फरक दहा हजारांचा. आजचा भाव दुकानात विचारा, पण प्रश्न तोच: ड्राइव्हचे हे दहा हजार वसूल होतात का?

माझा या महिन्याचा नवा गेम घ्या. ऑनलाइन स्टोअरवर ४,९९९ ला होता, डिस्क मला ओळखीच्या दुकानात साडेचार हजारांना मिळाली. महिन्याभरात संपवला आणि तीन हजारांना विकला. मला पडला दीड हजाराला. हाच गेम पहिल्याच आठवड्यात डाउनलोड करून घेतला असता तर पाच हजार गेले ते गेले. म्हणजे एका गेममागे साडेतीन हजार वाचले, आणि असे तीन गेम झाले की ड्राइव्ह फुकटात पडला.

पण मित्राचं म्हणणं वेगळं, आणि ते खोटं नाही. तो पहिल्या आठवड्यात काहीच घेत नाही. यादी करून ठेवतो आणि वर्षभराने सेल लागला की पाच हजारांचा गेम अडीच हजारांना उचलतो. त्याच्याशी तुलना केली तर डिस्कमागे माझे वाचतात जेमतेम हजार, म्हणजे ड्राइव्ह वसूल व्हायला दहा गेम लागणार. शिवाय डिस्कचा फोटो काढा, जाहिरात टाका, ‘लास्ट प्राइस काय भाऊ?’ला उत्तरं द्या, मग रविवारी सकाळी पुण्यात नळस्टॉपवर कोणाची तरी वाट बघत उभे राहा. मला त्यातही मजा वाटते. पण ज्याला घासाघीस करण्याची लाज वाटते त्याने माझा दीड हजाराचा आकडा धरून चालू नये. मावसभाऊ रिक्षावाल्याकडून सुटे पैसेसुद्धा मागून घेत नाही.

मित्राचे सातही गेम पीसीचे, स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानातले. पीसीवर डिस्क हा विषय केव्हाच संपला, तेव्हा त्याची निवड फुशारकीची नाही, नाइलाजाची आहे. पण त्याला काही सोयी आहेत ज्या मला नाहीत. गेम घेऊन चौदा दिवस झाले नसतील आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर स्टीम पैसे परत देतं. मी डबीचं प्लास्टिक फाडलं की दुकानदार हात वर करतो. आता स्टीमच्या फॅमिली सोयीत एकूण सहा जणांत संग्रह वाटता येतो, फक्त एक प्रत एका वेळी एकानेच खेळायची. मात्र ती घरच्यांसाठी आहे, रविवारच्या मंडळींसाठी नाही. आणि स्टीमचं खातं दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. माझ्या डब्या उद्या पोरगा विकून टाकेल, पण त्याच्या हातात काहीतरी असेल तरी.

आता डिस्कवाल्यांना न आवडणारी गोष्ट. ‘डिस्क म्हणजे आपल्या मालकीची’ हे वाक्य आम्ही छाती फुगवून म्हणतो, पण गेमच्या बाबतीत ते अर्धंच खरं. पीएस फाइव्हवर डिस्क घातली तरी गेम आधी कन्सोलच्या आतल्या साठवणीवर (एसएसडीवर) उतरतो, खेळताना डिस्क ही निव्वळ किल्ली. वर दुरुस्त्यांचे अपडेट डाउनलोड करावे लागतात ते वेगळेच. निन्टेन्डोच्या स्विच २ कन्सोलच्या काही गेम-कार्डांत तर गेम नसतोच, फक्त डाउनलोड करायचा परवाना असतो. ‘द क्रू’ नावाचा गाड्यांचा गेम २०१४ साली आला, एकट्याने खेळतानाही सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले, आणि ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांच्या हातात डबी उरली, गेम नाही. म्हणून सतत ऑनलाइन असणारा गेम डिस्कवर घेण्यात काही हशील नाही.

उलट्या बाजूलाही दाखले आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने जाहीर केलं की लोकांनी पैसे मोजून घेतलेल्या डिस्कव्हरीच्या मालिका त्यांच्या संग्रहातून काढल्या जातील. ओरड झाली, पुढे नवा करार होऊन ते टळलं, पण ‘विकत घेतलेलं’ म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आलाय की तुम्ही विकताय तो परवाना असेल तर गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा. स्टीम आता पैसे भरताना तसं लिहूनच दाखवतं.

आणि काही गेम डिस्कवर मिळतच नाहीत. ‘अ‍ॅलन वेक २’ ऑक्टोबर २०२३ मध्ये फक्त डाउनलोडसाठी आला, डिस्क यायला पुढचं वर्ष उजाडलं. डिस्कवाला कन्सोल घेतला की दोन्ही दरवाजे उघडे राहतात, डिजिटल घेतला की एकच. मावसभावाला हे पटलं. स्लिममध्ये ड्राइव्ह नंतरही बसवता येतो, हेही त्याने कुठेतरी वाचलं होतं. येतो, पण पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं, आणि ड्राइव्ह सुटा मिळतोय का ते कन्सोल घेण्याआधी विचारा. पहिल्या जाड्या डिजिटल मॉडेलला तो बसत नाही, सेकंडहँड घेणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

इंटरनेटचं एका ओळीत उरकतो: १०० जीबीचा गेम ५० एमबीपीएसच्या लाइनवर उतरायला साडेचार तास लागतात, आणि पहिल्या पीएस फाइव्हमध्ये वापरायला जागा मिळते ६६७ जीबी.

सिनेमाकडे वळलो की माझा सूर बदलतो.

मी आणलेला संच म्हणजे सत्यजित राय यांची अपू चित्रत्रयी. या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या एका लॅबमधल्या आगीत होरपळल्या होत्या. त्या पुढे इटलीत बोलोन्याच्या प्रयोगशाळेत हाताने सांधून, जमतील तेवढ्या वाचवून फोर-केमध्ये स्कॅन केल्या गेल्या. रविवारी पडदे ओढले, दिवे घालवले आणि ‘पथेर पांचाली’तला काशफुलांच्या गवताचा प्रसंग लावला. एरवी फोनवर बघताना जे नुसतं पांढरं हलतं ना, तिथे एकेक तुरा वेगळा दिसत होता, आणि मागच्या आभाळात फिल्मचा बारीक रवाळपणा. मित्र काही बोलला नाही. त्याने फक्त मोबाईल उपडा करून ठेवला.

हे जादूने होत नाही. फोर-के डिस्कमध्ये ५०, ६६ किंवा १०० जीबी मावतात आणि डेटा सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो. स्ट्रीमिंगचं फोर-के साधारण १५ ते २५ च्या आसपास चालतं. उजेडातल्या प्रसंगात फरक जाणवणार नाही. अंधारात कंदील घेऊन कोणी चाललंय असा प्रसंग लावा: स्ट्रीमिंगवर भिंतीवरच्या अंधाराच्या पट्ट्या पडतात, डिस्कवर तो अंधार हळूहळू दाट होत जातो. आवाजाचंही तेच. पण टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकणार असाल आणि टीव्ही ४३ इंची असेल, तर डिस्कचे पैसे वाचवा आणि आधी साउंडबार घ्या. हे मी माझ्याच गटात बोललो तर मला चहा मिळणार नाही.

एक खड्डा दाखवून ठेवतो, कारण मी त्यात पडलोय. पीएस फाइव्हच्या गेमना प्रदेशाचं कुलूप नाही, सिनेमाच्या साध्या ब्लू-रेला असू शकतं. भारत ‘सी’ विभागात, अमेरिका ‘ए’ मध्ये, युरोप ‘बी’ मध्ये. न्यू जर्सीहून येणाऱ्या आतेबहिणीच्या बॅगेतून मी पूर्वी एक ब्लू-रे मागवली होती. घातली आणि पडद्यावर आलं की ही इथे चालणार नाही. तिने लोणच्याची बरणी काढून तिथे ती डबी ठेवली होती, तिला अजून सांगितलेलं नाही. फोर-केच्या डिस्कला हे कुलूप नसतं. म्हणून माझ्या संचातले सिनेमे झकास चालतात, पण सोबतच्या अमेरिकन ब्लू-रेंवर ज्या मुलाखती आणि माहितीपट आहेत ते माझ्या कन्सोलवर बघता येत नाहीत. मागवण्याआधी डबीच्या पाठीवरचं अक्षर बघा. गेमच्या बाबतीतही एक बारीक मेख आहे: डिस्क दुसऱ्या प्रदेशातली असेल तर आपल्या भारतीय खात्यावरून घेतलेली जादा प्रकरणं तिला जुळतीलच असं नाही. आशियाई डिस्क स्वस्त दिसते ती उगीच नाही.

आणखी एक: पीएस फाइव्हमध्ये ऑडिओ सीडी चालत नाही. बाबांनी नाट्यसंगीताची सीडी घालून पाहिली आणि ‘पन्नास हजारांचं मशीन आणि हे साधं होत नाही?’ म्हणाले. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मराठी सिनेमाला मात्र हा सगळा हिशोब लागू होत नाही. फोर-के सोडा, मराठी ब्लू-रेसुद्धा मला दुकानात दिसत नाही. आहेत त्या व्हीसीडी आणि डीव्हीडी. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी काढल्या, तेव्हा आम्ही भाजीबरोबर सिनेमे आणायचो. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ एवढंच, आजच्या टीव्हीवर ते धुक्यातून पाहिल्यासारखं दिसतं, आणि मध्यंतराला उठून डिस्क बदलावी लागते. तरी मी ती टाकत नाही. तेच जुने सिनेमे यूट्यूबवर पाहा: चौकोनी चित्र आडव्या पडद्यात ताणून बसवलेलं, वरून टोपी कापलेली, खालून नऊवारीचे काठ गेलेले, कोपऱ्यात एक लोगो तर दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एक. म्हणून जुन्या मराठी सिनेमाची चांगली डीव्हीडी दिसली तर डिस्क-डाउनलोड वाद घालू नका, घेऊन टाका. फार तर शंभर रुपये जातील.

घेतलीत तर सांभाळा. आपल्याकडचा पावसाळा डिस्कला ओरखड्यापेक्षा वाईट. मी गणपतीनंतर कपाट उघडलं तेव्हा चार व्हीसीडींवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी होती. आता बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या कपाटात टाकतो आणि डब्या उभ्या ठेवतो. पुसताना गोल गोल नाही, मधून बाहेर, सरळ रेषेत पुसायचं. सीडी आणि व्हीसीडीचा नाजूक भाग चकचकीत बाजूला नसून छापील बाजूला असतो, कारण डेटा त्याच अंगाला असतो, तेव्हा त्यावर पेनाने नाव लिहू नका. ब्लू-रेचा डेटा पृष्ठभागापासून अवघा ०.१ मिलिमीटर आत असतो, पण वर कडक लेप असल्याने ती सहसा टिकते. मित्राला यातलं काहीच करावं लागत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा, आणि तो ते मला दर पावसाळ्यात ऐकवतो.

तर मावसभावासाठी. तू एका वेळी कथा असलेला एकच गेम संपवून पुढे जाणारा आहेस, वर्षाला चार-पाच गेम खेळतोस, आणि माझ्या घरापासून दहा मिनिटांवर राहतोस. तुला ड्राइव्हवालाच घे म्हणेन, कारण तुला विकायची लाज वाटली तरी माझ्या डब्या तुला फुकट मिळतील. तुझ्या जागी माझा पुतण्या असता, जो वर्षभर एकच ऑनलाइन फुटबॉल खेळतो, तर त्याला दहा हजार वाचवायला सांगितलं असतं. सिनेमासाठी म्हणून ड्राइव्ह घेऊ नकोस. घरात आधी एखादा सिनेमा असा पाहिजे जो तू दहा वेळा बघशील, मग त्याची डिस्क, मग बाकीचं.

रविवारी निघताना त्याने विचार करून कळवतो म्हणून सांगितलं. संध्याकाळी डब्या जागेवर लावायला गेलो तर सेकंडहँड घेतलेला गेम दिसेना. फोन केला. तोच घेऊन गेला होता. कन्सोल यायचाय अजून.