फियामा एफ४५एस ऑनिंग: गोराईच्या वाऱ्यात कितपत टिकतं?

कॅम्परव्हॅनला बसणारं, हँडलने उघडायचं हे छत सावलीला उत्तम. पण गोराई-मनोरीला दुपारी खारे वारे सुटले की खरी परीक्षा. गाडी अशी लावा की ऑनिंगची बाजू समुद्राकडे येणार नाही. गाडीचाच आडोसा मिळतो.

आधी मीटरभर उघडा, पुढच्या दांडीतले पाय खाली सोडून टेकवा, मगच उरलेलं उघडा. शेवटी हँडल किंचित उलटं फिरवून कापड ताणून घ्या. ढिलं कापड फडफडलं की प्रत्येक धक्का छत पेलणाऱ्या घडीच्या हातांच्या (दांड्यांच्या) कोपरांवर आणि गाडीवरच्या ब्रॅकेटवर बसतो. तुटतं ते तिथेच. म्हणून मधली आधाराची दांडी आणि वरून जाणारा पट्टा वेगळे पैसे मोजून घ्याच. कोरड्या वाळूत साध्या खुंट्या चटकन उपटून येतात. त्यापेक्षा वाळूने भरलेली गोणी पट्ट्याला बांधून दीड फूट खोल पुरा.

वारा ताशी २० किलोमीटरच्या वर गेला, म्हणजे धूळ आणि कागद उडायला लागले, की सरळ गुंडाळा. रात्री उघडं ठेवूच नका. परतल्यावर सांधे गोड्या पाण्याने धुवा. ग्रीसला वाळू चिकटते, सिलिकॉन स्प्रे बरा.