एकबारी रायफल, ओतीव गोळी आणि नवी नळी: कोणता मार्ग धरावा?

नळी बदलायचं पक्कं करण्याआधी एक काम करा. रायफल रिकामी आहे याची खात्री करून मऊ शिशाचा तेल लावलेला एक गोळा जुन्याच नळीतून पितळी सळईने हळूहळू ठोकत बाहेर काढा आणि मायक्रोमीटरने मोजा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि पुढचा सगळा निर्णय त्या एका आकड्यावर उभा राहतो.

एका वेळी एकच काडतूस भरायच्या जुन्या रायफली ‘नळी संपली’ म्हणून मोडीत काढल्या जातात, तेव्हा बरेचदा संपलेली असते ती गोळीची निवड. .३८-५५ या काडतुसाची जुनी नळी आतल्या पिळाच्या खाचांच्या तळाशी .३८० इंच भरते आणि मालक तिच्यात .३७५ ची गोळी घालत असतो. अशी गोळी नळी बंद करत नाही. दारूचा तप्त वायू तिच्या कडेने पुढे पळतो, शिसं वितळवतो, ते खाचांमधल्या उंचवट्यांवर चिकटतं आणि नेम विस्कटतो. तांब्याच्या वेष्टणाची गोळी थोडी लहान असली तरी चालून जाते. साच्यात ओतलेली शिशाची, म्हणजे ओतीव, गोळी ते सहन करत नाही. तिला खाचेच्या व्यासापेक्षा इंचाचा एक ते दोन हजारांश जास्तच माप लागतं.

म्हणून पहिली तुलना नव्या नळीची जुन्या नळीशीच करायला हवी.

जुनीच नळी ठेवली तर

नळी आतून काळवंडलेली आहे, थोडे गंजाचे खड्डे आहेत, पण उंचवट्यांच्या कडा अजून धारदार आहेत आणि गोळा सगळीकडे सारख्या जोराने सरकतो? मग योग्य मापाचा साचा घ्या आणि आधी ती नळीच चालवून बघा. कणभर खड्ड्यांना शिसं घाबरत नाही. तोंडाजवळची झीज मात्र माफ होत नाही: गोळी नळी सोडते त्या क्षणी कड एका बाजूला झिजलेली असेल तर वायू तिरका सुटतो. त्यावर तोंड थोडं कापून नवी कड काढणं हा नळी बदलण्यापेक्षा फारच छोटा इलाज आहे.

गोळा ब्रीचकडून, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाकडून, तोंडाकडे जाताना मध्येच सैल पडत असेल तर गोष्ट वेगळी. तोंडाकडे रुंदावत जाणारी नळी ओतीव गोळीला कधीच साथ देत नाही. तिथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

अस्तर, नवं भोक की नवी नळी

जुनी नळी खरोखर गेली असेल तर तीन वाटा उरतात.

अस्तर म्हणजे जुनी नळी आतून पोखरून तिच्यात रायफलिंग असलेली पातळ नळी बसवायची. ती चिकटवतात किंवा डाख देऊन पक्की करतात. बाहेरून काहीच बदलत नाही: अष्टकोनी कडा, जुनी अक्षरं, माशीची खाच, सगळं जागच्या जागी राहतं. ज्या रायफलला इतिहास आहे तिच्यासाठी मी दुसरा मार्ग सुचवणारच नाही. .२२ ते .३२ पर्यंत अस्तर उत्तम बसतं. .४५ ला आल्यावर हिशेब अवघड होतो, कारण अस्तराची भिंत, भोवतीची जुनी भिंत आणि चेंबरचा (काडतूस बसतं त्या पोकळीचा) व्यास या तिघांना त्याच जाडीत जागा करून द्यावी लागते.

दुसरी वाट म्हणजे जुन्याच नळीत मोठं भोक पाडून नव्याने खाचा कापणं. .३२-४० ची खड्ड्यांनी भरलेली नळी .३८-५५ होऊ शकते, आणि बाहेरच्या अक्षरांखेरीज काही खोटं पडत नाही. अट एकच: खड्डे नव्या भोकाच्या आत संपले पाहिजेत. खोल गंज पुन्हा वर येतो.

तिसरी वाट नवी नळी. पीळ (खाचा किती इंचांत एक फेरा घेतात), खाचांची संख्या, चेंबरचा घसा (गोळी खाचांत शिरते तो भाग), लांबी, वजन, सगळं आपल्या हातात. मूळपण जातं. जुनी नळी सांभाळून ठेवा, विकू नका.

वजनाबद्दल एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बाहेरची जाडी तीच ठेवून भोक लहान केलं की रायफल जड होते. म्हणजे एकाच अष्टकोनी मापात .३८ ची नळी .४५ पेक्षा जास्त भरते. अमेरिकेतल्या काळ्या दारूच्या सिल्हूट स्पर्धेत (प्राण्यांच्या आकाराची लोखंडी लक्ष्यं पाडायची) रायफलला १२ पौंड २ औंसांची मर्यादा आहे. त्या मैदानावर उतरायचं असेल तर हे गणित नळी मागवण्याआधीच करावं लागतं.

कॅलिबर: दोन घराणी

इथे पुष्कळ शब्द खर्च होतात, पण ब्रीचकडून पाहिलं तर निवड बरीच सोपी आहे. .३८-५५, .३२-४० आणि .३०-३० ही तिन्ही एकाच घराण्याची काडतुसं. पहिली दोन १८८४ च्या सुमाराची, तिसरं १८९५ चं आणि .३८-५५ पासूनच निघालेलं. तिघांच्या बुडाची कड जवळजवळ एकाच मापाची. त्यामुळे एकातून दुसऱ्यात जाताना एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस बाहेर ओढणारा भाग) बहुधा तोच चालतो. दुसरं घराणं १८७३ च्या .४५-७० चं. .४०-६५ ची केस (काडतुसाचं पितळी टरफल) त्याच केसचं तोंड आवळून बनते. एका घराण्यातून दुसऱ्यात उडी मारली की ब्रीचचं कामही वाढतं.

| काडतूस | खाचेचा व्यास (इंच) | गोळीचं वजन (ग्रेन) | नेहमीचा पीळ (इंचात एक फेरा) |
|---|---|---|---|
| .३०-३० | .३०८ | १७० च्या आसपास | १२ |
| .३२-४० | .३२० ते .३२१ | १६५ ते २०० | १६ |
| .३८-५५ | .३७५ ते .३८० | २५५ च्या आसपास | १८ |
| .४०-६५ | .४०८ | ४०० च्या आसपास | १६ |
| .४५-७० | .४५८ | ४०५ ते ५४० | १८ ते २२ |

कागदी लक्ष्यावर २०० यार्डांपर्यंत शांतपणे नेम साधायचा असेल तर .३२-४० सारखं दुसरं नाही. धक्का कमी, दारू थोडी, दिवसभर बसून नेमबाजी करता येते. .३८-५५ त्याहून थोडं दांडगं, वाऱ्याला थोडं कमी भीक घालणारं. ५०० मीटरवरचा लोखंडी मेंढा पाडायचा तर .४०-६५ किंवा .४५-७० लागतं, आणि तिथे माझं मत .४०-६५ च्या बाजूला झुकतं. सिल्हूटमध्ये २००, ३००, ३८५ आणि ५०० मीटर अशा चार अंतरांवर गोळ्या झाडाव्या लागतात. दिवसाच्या शेवटी खांदा थकला की चाप ओढायच्या आधीच अंग आक्रसतं. .४५ ची जड गोळी दूरवर उत्तम जाते हे खरं, पण चाळिसाव्या बाराला ती तुमच्याकडून काय करवून घेते तेही धरायला हवं.

.३०-३० बद्दल माझी भूमिका जरा कडक आहे. जुन्या, काळ्या दारूसाठी बनलेल्या ॲक्शनवर (ब्रीच बंद करणाऱ्या यंत्रणेवर) ही नळी बसवू नका, तुम्ही स्वतः फक्त हलक्या ओतीव गोळ्या झाडणार असलात तरीही. अमेरिकेच्या सामी या उत्पादक-संघटनेच्या मानकात .४५-७० चा कमाल दाब २८,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे, .३०-३० चा ४२,०००. रायफल तुमच्यापेक्षा जास्त जगते. उद्या तिच्यात कुणीतरी दुकानातलं काडतूस घालेल, आणि नवी नळी जुन्या ॲक्शनला बळ देत नाही. रूगर नंबर १ सारख्या १९६७ नंतरच्या ॲक्शनवर हा प्रश्न येत नाही.

बॅलार्ड आणि विंचेस्टर हायवॉल या जुन्या रायफलींमध्ये आणखी एक जागा तपासा. फायरिंग पिनचं भोक मोठं असेल तर धूरविरहित दारूच्या दाबाने प्रायमर (केसच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) त्यात मागे फुगतो. नळीसोबतच ते भोक आत नवा तुकडा घालून (बुश करून) लहान पिन बसवून घ्या.

पीळ किती?

१८७९ साली ब्रिटिश गणितज्ञ ग्रीनहिलने दिलेलं सूत्र ओतीव गोळीच्या वेगाला अजून उपयोगी पडतं: १५० गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले गोळीची लांबी, सगळं इंचात. .४५८ व्यासाची १.४ इंच लांब गोळी घेतली तर सुमारे २२.५ इंच येतात. .४०८ ची तेवढीच लांब गोळी घेतली तर १७.८. .३२१ ची एक इंच लांब गोळी १५.५. आता वरचे आकडे बघा: जुन्या कारागिरांनी पीळ हवेतून काढलेला नव्हता.

सूत्र किमान सांगतं. लांब पल्ल्यावर मंदावलेली गोळी ध्वनीच्या वेगाजवळून जाताना डगमगू शकते, म्हणून थोडा जास्त घट्ट पीळ घेतलेला बरा. त्याच कारणाने .४५ ला २२ ऐवजी १८ मागतात. पण घट्टपणालाही किंमत आहे. दर सेकंदाला १,८०० फूट वेगाने १० इंची पिळातून जाणारी गोळी मिनिटाला १,२९,६०० फेरे घेते, १२ इंचीतून १,०८,०००. १,३०० फुटांनी १८ इंची पिळातून जाणारी .४५ मात्र जेमतेम ५२,०००. ओतताना आत राहिलेला हवेचा एक बुडबुडा पहिल्या गोळीला रस्ता सोडायला लावतो, शेवटची त्याची फारशी दखल घेत नाही. शिवाय वेगवान, घट्ट पिळात मऊ शिसं उंचवट्यांवरून निसटतं. म्हणून .३० ला ओतीव गोळीसाठी १२, जमल्यास १४ मागा, १० नको.

चेंबरचा घसा: सगळ्यात जास्त इथे लक्ष द्या

माझी सगळ्यात महाग चूक इथलीच. .३८-५५ ची नवी नळी मागवताना पीळ, लांबी, खाचा, सगळं लिहून दिलं, घशाबद्दल एक अक्षर नाही. नळी सुंदर आली. खाचा .३७९ च्या होत्या, म्हणून .३८० ची गोळी ओतली. ती केसमध्ये बसवली की काडतूस चेंबरमध्ये जाईना, कारण चेंबरची मान .३७५ च्या गोळीच्या हिशेबाने कापलेली होती. नळी मोठी, चेंबर लहान. दोष कारागिराचा नव्हता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या काडतुसात आणखी एक गुंता आहे. मूळ केस २.१२५ इंचांच्या आसपास लांब होती, नंतर २.०८० ची आली. दोन्ही आजही मिळतात. आखूड केस लांब चेंबरमध्ये घातली की तोंडापुढे एक रिकामी पायरी उरते आणि गोळीचं शिसं तिथे खरवडतं.

वेष्टणाच्या गोळीसाठी बनलेल्या चेंबरमध्ये गोळीपुढे बरीचशी सैल जागा असते. ओतीव गोळी त्या जागेतून आधार नसताना उडी मारते, थोडी तिरकी होऊन खाचांत शिरते आणि तिरकीच राहते. तिला हवा सौम्य उताराचा, तिच्याच मापाचा घसा: बसवलेल्या काडतुसाची गोळी उंचवट्यांना नुकती टेकलेली, मागचा भाग घशात हातमोज्यातल्या बोटासारखा धरलेला. त्यासाठी रीमर (चेंबर कापायचं हत्यार) तुमच्या गोळीच्या मापाने निवडावा लागतो. म्हणजे क्रम उलटा: आधी साचा घ्या, गोळी ओता, मोजा. मग ती गोळी आणि भरलेलं एक नमुना काडतूस, दारू आणि प्रायमरशिवाय, कारागिराच्या हातात द्या. सगळ्यात शेवटी नळी.

गोळी केसमध्ये न भरता ब्रीचमधून थेट घशात दाबून बसवायची जुनी पद्धत, जी शुट्झेन या जर्मन परंपरेतल्या नेमबाजांनी टोकाला नेली, ती वापरायची असेल तर हेही आधीच सांगा. तिला वेगळा उतार लागतो. आणि कागद गुंडाळलेली गोळी झाडणार असाल तर ती खाचेच्या नव्हे, उंचवट्यांच्या मापाची असते. दोन्ही प्रकारांना एकाच घशात आनंदाने नांदवणं जवळपास अशक्य आहे. एक निवडा.

खाचा, पोलाद आणि कापणं

कापून केलेल्या खाचा की बटण ओढून दाबलेल्या? कागदावर दोन्ही एकास एक नेम देतात. पण अष्टकोनी नळी हवी असेल तर मी कापलेल्याच मागेन. बटणाने धातू दाबला जातो, आत ताण उरतो, आणि नंतर बाहेरून पापुद्रे काढले की भोक कुठे कुठे सैलावतं. ते तोंडाजवळ झालं तर वर सांगितलेला रोग नव्या नळीलाच जडतो. बटणाची नळी घेतलीच तर अष्टकोन झाल्यानंतर ताण काढला होता का आणि आतून घासून सारखी केली का, हे विचारा.

खाचांची संख्या सम घ्या, सहा किंवा आठ. अमेरिकन नळी-कारागीर हॅरी पोपच्या नावाजलेल्या नळ्यांना आठ होत्या. पाच खाचांचा गोळा साध्या मायक्रोमीटरने धड मोजता येत नाही, आणि ओतीव गोळीच्या माणसाचं अर्धं आयुष्य मोजण्यात जातं.

पोलाद क्रोम-मॉली की स्टेनलेस, यावर वेळ घालवू नका. काळी दारू वापरून साफसफाईत आळस होणार असेल तर स्टेनलेस, जुन्या रायफलवर निळसर काळा रंग हवा असेल तर क्रोम-मॉली. शिशाने दोन्ही झिजायला अनेक दशकं लागतील.

काम द्यायच्या आधी परवान्याचं बघा. अमेरिकेत कायद्याच्या दृष्टीने बंदूक म्हणजे ॲक्शनचा मुख्य सांगाडा (रिसीव्हर), जर्मनीत नळीसुद्धा नियंत्रित भाग आहे. आपल्या देशात कॅलिबर बदलाची नोंद लागते का, ते नळी मागवायच्या आधी लेखी विचारून घ्या.

माझ्याकडे कुणी खड्ड्यांनी भरलेली .३२-४० हायवॉल घेऊन आलं आणि ती घराण्यातली, अक्षरं शाबूत असलेली निघाली तर मी अस्तर सुचवेन, त्याच कॅलिबरचं. अक्षरं पुसली गेलेली, आधीच कुणी छेडलेली असेल तर .३८-५५ चं नवं भोक. आणि नुसती चांगली ॲक्शन मिळाली, नळी नाहीच, तर नवी, कापलेल्या खाचांची: ब्रीचच्या आधीच्या कामाप्रमाणे .३८-५५ किंवा .४०-६५. तीन्ही बाबतींत पहिली खरेदी साचाच.