जुनी दहाचाकी की हप्त्यावरची नवी?

नाशिकजवळच्या आडगावच्या ट्रक टर्मिनलवर चहा पिताना कुणी ना कुणी ड्रायव्हर विचारतोच: शेठची गाडी किती दिवस चालवायची? स्वतःची घ्यायची, पण जुनी रोखीत की नवी हप्त्यावर?

नवीचा हिशेब सरळ आहे. पाच वर्षं, १० टक्के व्याज धरा; दर १० लाखांमागे महिना साधारण २१,२५० रुपये. ३० लाख काढले की ६३,७५०. लासलगावचे लिलाव बंद पडोत नाहीतर द्राक्षांचा हंगाम आटपो, हप्त्याची तारीख चुकत नाही. त्यात बीएस-६, म्हणजे धुराचे नवे कडक नियम पाळणारी गाडी; तिला धूर साफ करायला युरियाचं द्रावण आलं, सेन्सर आले. रस्त्यावरचा मिस्त्री हात लावत नाही.

जुनीला हप्ता नाही, पण ती दिवस खाते. माझी पहिली गाडी जुनीच होती. पिंपळगावचा टोमॅटो भरून वाशीला निघालो, कसारा घाट उतरताना ब्रेकचं लायनर जळाल्याचा वास आला. रात्रभर घाटाखाली उभा. सकाळी क्रेटमधून पाणी गळत होतं. भाडं तर कापलंच, वर पुढचे दोन महिने त्या व्यापाऱ्याचा फोन नाही. हा खर्च कुठल्याच गॅरेजच्या बिलात येत नाही.

तरीही पहिली गाडी जुनीच घ्या, असं मी म्हणेन. फक्त हातातला सगळा पैसा तिच्यात घालू नका. निदान तिसरा हिस्सा टायर, क्लच आणि बसून काढायच्या दिवसांसाठी ठेवा. तो राहत नसेल तर अजून वर्षभर शेठकडेच बरं.

कागद बघताना आधी वय. आठ वर्षांनंतर पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, दरवर्षी, आणि दहाचाकीला नॅशनल परमिट १५ वर्षांपर्यंतच. कांदा घेऊन दिल्लीला जायचं असेल तर दिल्लीबाहेर नोंदलेल्या जुन्या बीएस-३ मालगाड्यांना १ नोव्हेंबर २०२५ पासून तिथे बंदी आहे. मुंबई, जेएनपीटी एवढंच करायचं तर ती अडचण नाही. आरसीवरचं वजनही वाचा. २०१८ मध्ये दहाचाकीची गाडीसकट एकूण वजनाची मर्यादा २५ वरून २८.५ टन झाली, पण त्याआधीच्या गाडीच्या आरसीवर २५ च असू शकतं. साडेतीन टनांचं भाडं प्रत्येक फेरीला कमी. बँकेचा बोजा उतरलाय का, चलनं थकलीत का, हे तर कुणीही सांगेल.

रंग बघू नका. इंजिन गरम होऊ द्या, मग ऑईलचं झाकण काढून तळहात धरा. धूर फुसफुसत हाताला लागला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे इंजिन आतून झिजलंय. इंजिनकामाचे पैसे किमतीतून वजा करा, नाहीतर उठा.