‘ताई, तुमचा ब्रँड व्हायरल करून देतो’

सावंतवाडीला माझं आणि जावेचं घरगुती काम आहे. आंबापोळी, फणसपोळी, कोकम आगळ. ऑर्डरी इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून येतात. गणपतीच्या तोंडावर एका ‘डिजिटल एजन्सी’वाल्याने गाठलं.

2021 च्या दिवाळीतली कॅडबरीची जाहिरात आठवत असेल. एआयच्या मदतीने शाहरुख खानच्या तोंडी गल्लीतल्या दुकानाचं नाव घातलं होतं आणि दुकानदारांना आपापली जाहिरात बनवून घेता येत होती. व्हिडिओ कॉलवर त्याने तीच दाखवली. म्हणाला, ‘ताई, लोकच तुमची जाहिरात करतील.’ योजना अशी: ‘आजीची आंबापोळी’ हा हॅशटॅग लावून लोकांनी आजीसोबतचा फोटो टाकायचा, निवडक पोस्टना आमचं पाकीट बक्षीस. कल्पना झकास होती, तिला मी आजही नावं ठेवत नाही. पाणी मुरत होतं पैशांत. 20 हजार त्यांची फी, 25 हजार मेटाला (इन्स्टाग्रामच्या कंपनीला) जाहिरातीचे, आणि तेही ‘आमच्याच अकाउंटवरून चालवतो, तुम्हाला कटकट नको.’ सगळे आगाऊ.

फॉलोअर रातोरात वाढले. जाऊ खूश. मी कॉमेंट वाचायला बसले तर ‘नाइस पिक डिअर’, ‘सुपर ब्रो’. आंबापोळीच्या फोटोखाली ब्रो! भाव कुणीच विचारेना. ‘ठाण्याला पाठवता का?’ हेही नाही. खरं गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच विचारतं. इनसाइट्समध्ये, म्हणजे इन्स्टाग्रामच्या आकडेवारीत, प्रेक्षकांचे देश पाहिले, तर वर ब्राझील आणि इंडोनेशिया. हॅशटॅग उघडला, तर हिरव्या काठाचं लुगडं नेसलेली एकच आजी तीन वेगवेगळ्या नातवंडांच्या खात्यांवर हसत होती.

भाच्याने मेटाची अ‍ॅड लायब्ररी उघडून दिली. ती कुणालाही फुकट बघता येते. पेजचं नाव टाकलं की सध्या चालू असलेल्या जाहिराती दिसतात. आमच्या नावावर एकही नव्हती. त्याच दुपारी एजन्सीवाला लिहीत होता, ‘अ‍ॅड जोरात चालू आहे.’

बिल मागितलं. 18 टक्के जीएसटी लावलेली पीडीएफ आली. पत्ता पुण्याचा, जीएसटी नंबर मात्र 29 ने सुरू होणारा. महाराष्ट्राचे नंबर 27 ने सुरू होतात, 29 कर्नाटकाचा. जीएसटीच्या पोर्टलवर शोधला, तर असा नंबरच नाही. हे विचारलं आणि आम्ही ब्लॉक झालो.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रारही नोंदवली. पैसे समोरच्याच्या खात्यातून निघायच्या आत कळवलं तर ते गोठवता येतात. आमचे केव्हाच निघून गेले होते.

कुणी असं काम देणार असाल तर जाहिरातीचं अकाउंट स्वतःच्या नावावर काढा, कार्डही तुमचंच जोडा आणि एजन्सीला फक्त काम करण्यापुरता अ‍ॅक्सेस द्या. मग मेटाची पावती थेट तुम्हाला मिळते आणि किती रुपये कुठे गेले ते दिसतं. आधीच्या कामाचे स्क्रीनशॉट कुणीही बनवतं. व्हिडिओ कॉलवर समोर इनसाइट्स उघडायला सांगा. ‘क्लायंटची गोपनीयता’ पुढे केली तर त्या क्लायंटलाच फोन लावा.

हे लोक अजून धंदा करताहेत, नाव तेवढं बदललंय. नव्या पेजवर ‘आमचं काम’ म्हणून आमच्याच आंबापोळीचा फोटो आहे आणि खाली लिहिलंय, ‘चार लाख व्ह्यूज, समाधानी ग्राहक’.