सामानाची खोकी दुसऱ्याला भरू देऊ नका

नवऱ्याची 3 वर्षांसाठी हॅम्बुर्गला बदली झाली तेव्हा हातात सहा आठवडे होते. कोथरूडचं घर भाड्याने द्यायचं, थोरलीचा शाळेचा दाखला काढायचा, धाकट्याच्या लशींची कागदपत्रं जमवायची, आणि त्यात सामान. तिकिटावर माणशी 30 किलो, म्हणजे चौघांचे 120. रोजचे कपडे, दोन कुकर आणि वर्षाचे मसाले भरले की संपलं. पुस्तकं, गोधड्या, मुलांची खेळणी, पोळपाट-लाटणं, पितळी डबे हे सगळं एअर कार्गोने पाठवायचं ठरलं.

एजंट ओळखीतून मिळाला. घरी येऊन खोल्या फिरून म्हणाला, "200 किलो धरा. किलोला 310 रुपये, डोअर टू डोअर." म्हणजे 62,000. मग म्हणाला, "ताई, तुम्ही कशालाच हात लावू नका. खोकी आमची, बबल रॅप आमचं. पॅकिंगचा एक रुपया घेणार नाही." आम्ही याच बोलण्याला भुललो.

तीन मुलं आली आणि दुपारपर्यंत घर रिकामं झालं. गोधड्या मी आदल्या रात्री व्हॅक्यूमच्या पिशव्यांत घालून हवा काढून पापडासारख्या चपट्या केल्या होत्या. त्या त्यांनी भल्यामोठ्या खोक्यांच्या तळाशी ठेवल्या आणि वर बबल रॅपचे बोळे कोंबले. "एवढं मोठं खोकं कशाला?" मी विचारलं. "तिकडे फेकाफेक होते मॅडम, आतून गादी लागते." मला ते पटलं. 11 खोकी झाली, प्रत्येक 75 बाय 50 बाय 50 सेंटिमीटरचं. काट्यावर एकूण 214 किलो भरलं. 31,000 रुपये आगाऊ दिले. पावती म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ आली: "रिसीव्ह्ड".

उड्डाणाला तीन दिवस असताना फोन आला. वजन 412.5 किलो, बिल 1,27,875 रुपये.

हिशेब असा असतो. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5000 ने भागायचं. आमच्या खोक्याचं उत्तर येतं 37.5 किलो. याला व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. खरं वजन आणि हे वजन यांतलं जे जास्त, त्याचे पैसे लागतात. हा नियम खरा आहे, सगळीकडे चालतो, कारण विमानात जागाही विकत घ्यावी लागते. फसवणूक नियमात नव्हती. दर सांगताना त्याचा उच्चार न करणं आणि स्वतःच आणलेल्या खोक्यांत हवा भरून ते वजन वाढवणं, ही फसवणूक होती. शिवाय 5000 चा भाजक कुरिअरचा, एअर कार्गोत सहसा 6000 ने भागतात. तसं केलं असतं तर 343.75 किलो झालं असतं. नुसत्या त्या एका आकड्यात आमचे 21,000 च्या वर गेले. तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सामान मुंबईच्या गोदामात, घराच्या किल्ल्या भाडेकरूकडे. "परत न्यायचं तर गोदामाचं भाडं भरून न्या," असं तो म्हणाला. आम्ही पैसे भरले.

हॅम्बुर्गला पोचल्यावर कळलं की त्याचं दुसरं "डोअर" विमानतळाच्या कार्गो शेडपाशीच संपत होतं. तिथून पुढे हाताळणी, साठवण, कस्टम्सची कागदपत्रं आणि टेम्पो, सगळं मिळून 640 युरो. राहायला येणाऱ्या माणसाला घरगुती सामानावर जर्मनीत कर लागत नाही. त्याआधी निदान 12 महिने युरोपियन युनियनबाहेर राहिलेलं असावं लागतं आणि वस्तू निदान 6 महिने वापरलेल्या असाव्या लागतात. आम्ही दोन्हीत बसत होतो. पण एजंटने कागदावर एकच ओळ लिहिली होती: "घरगुती वस्तू, 11 खोकी". अधिकाऱ्याने खोक्यागणिक यादी मागितली. ती आठवून आठवून लिहीपर्यंत शेडचं भाडं रोज चढत राहिलं. साजूक तुपाचे दोन डबे काढून घेतले, कारण दूधदुभत्याचे पदार्थ बाहेरून आणायला तिथे बंदी आहे. पुण्यात मी मुद्दाम विचारलं होतं. "चालतंय," म्हणाला होता.

आणि हातात आली 10 खोकी.

ट्रॅकिंग नंबर म्हणून त्याने दिलेला आकडा त्याच्या स्वतःच्या वहीतला होता. खरा एअर वे बिल क्रमांक, म्हणजे विमानाने जाणाऱ्या मालाच्या पावतीचा क्रमांक, 11 अंकी असतो, पहिले तीन अंक विमान कंपनीचे, आणि तो त्या कंपनीच्या साइटवर आपल्याला स्वतः तपासता येतो. तो हातात पडल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका. खोकी स्वतः आणा, सामानाला घट्ट बसतील अशी. टेप लावण्याआधी प्रत्येकात काय घातलं ते लिहा आणि फोटो काढा. दर लेखी घ्या: भाजक कोणता, तिकडच्या विमानतळापर्यंत की घरापर्यंत, विमा आहे की नाही. आमचा विमा नव्हता, आम्ही विचारलाही नव्हता.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. आता जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहोत. 2019 च्या कायद्यामुळे तक्रारदार राहतो तिथल्या आयोगात जाता येतं, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पुण्यातलं काम माझे दीर बघत आहेत.

त्यांनी परवा हरवलेल्या खोक्याची यादी मागितली, किमतींसकट. थोरलीची चित्रकलेची वही, पुरणयंत्र, किशोरचे जुने अंक, मुलांचे स्वेटर. शेवटची गोधडी सासूबाईंनी त्यांच्या नऊवारीची शिवलेली होती. त्या गेल्याला चार वर्षं झाली. तिच्यापुढचा किमतीचा रकाना मी अजून भरलेला नाही.