शेव्हरले सी-10 साठी पुढच्या डिस्क ब्रेकचा संच : सहा महिन्यांच्या वापरानंतर

डेट्रॉइटच्या उपनगरात माझ्याकडे 1968 सालचा शेव्हरले सी-10 पिकअप आहे. त्याचे पुढचे ड्रम ब्रेक (फिरत्या डब्याला आतून दाबून थांबवणारे) काढून तेथे डिस्क ब्रेक (फिरत्या तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटून थांबवणारे) बसवण्याचा तयार संच मी गेल्या हिवाळ्यात मागवला, घरच्या गॅरेजमध्ये स्वतः बसवला आणि बर्फ सरल्यापासून गाडी त्यावरच चालवीत आहे. संचातील मुख्य भाग उत्तम आहेत, किरकोळ भाग निष्काळजीपणे भरलेले आहेत, आणि ‘एका दुपारचे काम’ ही जाहिरात खरी मानू नये. तरीही हा पिकअप आजच्या रहदारीत चालवण्याची ज्याची इच्छा आहे, त्याने इंजिन किंवा रंगकामावर पैसे घालण्याआधी ते येथे घालावेत, असे माझे मत झाले आहे.

गाडी फारशी बदललेली नाही. 250 घनइंचांचे सहा सिलिंडरचे मूळ इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा तीन गिअरचा दांडा अजून जागेवर आहे. ज्यांनी भारतात पद्मिनी चालवली आहे त्यांचा हात या हँडगिअरवर पहिल्याच दिवशी बसतो. चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही, अशी ही गाडी कारखान्यातून आली होती. एकदा थांबायचे असेल तर ते ब्रेक वाईट नव्हेत, कारण फिरता ड्रम लायनरला, म्हणजे त्याला आतून घासणाऱ्या अस्तराला, आपल्याबरोबर ओढून घेतो आणि पायाचा जोर आपोआप वाढतो. पण महामार्गावरून उतरताना लागोपाठ दोन-तीनदा जोरात दाबावे लागले की तापलेला ड्रम फुगून लायनरपासून दूर सरकतो, पेडल खाली जाते आणि गाडी एका बाजूला ओढते. पावसाचे पाणी आत शिरले तर पहिला ब्रेक जवळजवळ वायाच जातो. माझी गाडी डावीकडे ओढत असे, म्हणजे नेमकी समोरून येणाऱ्या वाहनांकडे.

शेव्हरलेने या पिकअपला पुढे डिस्क ब्रेक 1971 पासून दिले, आणि त्याच वेळी फक्त मागच्या दोन चाकांना ओढ असलेल्या सी-10 ची सहा नटांची चाके जाऊन पाच नटांची आली. त्यामुळे 1967 ते 1970 च्या गाड्यांच्या मालकांपुढे तीन वाटा असतात. भंगारातील 1973 ते 1987 च्या पिकअपचा पुढचा आडवा सांगाडा सगळ्या जोडण्यांसह उचलून आणता येतो. येथे रस्त्यावर टाकल्या जाणाऱ्या मिठाने गंजलेले नट सोडवण्याची तयारी असेल तर ही वाट स्वस्त पडते. दुसरी वाट म्हणजे पाच नटांचा संच घेऊन चारही चाके बदलणे. मी तिसरी घेतली, म्हणजे सहा नटांचा हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) असलेला संच, कारण मला मूळ चाके आणि त्यांवरच्या टोप्या सोडायच्या नव्हत्या. गाडी अडीच इंच खाली बसवणारे स्पिंडल (पुढचे चाक ज्यावर फिरते तो आस) त्याच किमतीत मिळत होते. ती हौस अनेकांना असते, मला नाही.

बूस्टर आणि मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ब्रेक ऑइलच्या दाबात बदलणारा भाग) धरून संचाला 780 डॉलर पडले. रोटर म्हणजे फिरती तबकडी, तिला पॅडने चिमटणारे कॅलिपर आणि स्पिंडल हाताळताच समाधान वाटते. कॅलिपर एका पिस्टनचे, जनरल मोटर्सने वर्षानुवर्षे पिकअपवर वापरलेल्या जातीचे आहेत, त्यामुळे उद्या पॅड हवे असतील तर कोपऱ्यावरच्या सुट्या भागांच्या दुकानातही मिळतील. संच घेताना हा प्रश्न अवश्य विचारावा. फक्त विक्रेत्याकडेच मिळणारे पॅड ज्याला लागतात असा संच कितीही देखणा असला तरी घेऊ नये. बेअरिंगच्या बाहेरच्या कड्या रोटरमध्ये नीट दाबून बसवलेल्या होत्या आणि ग्रीस मात्र आपण भरायचे होते, जे मला योग्यच वाटते.

पैसे वाचवण्यासाठी काही जण फक्त रोटर-कॅलिपर घेऊन जुनाच मास्टर सिलिंडर ठेवतात, आणि येथेच बहुतेकांचे चुकते. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये एक छोटी झडप असते, जी पेडल सोडल्यावरही नळीत प्रति चौरस इंच सुमारे 10 पौंड दाब राखून ठेवते. ड्रममधल्या मजबूत स्प्रिंगा लायनरला मागे खेचत असल्याने तेथे हा दाब उपयोगी असतो, पण कॅलिपरला अशी स्प्रिंग नसते. म्हणून तोच दाब पॅडला रोटरवर घासत ठेवतो आणि काही मैलांतच चाक हात लावू देत नाही इतके तापते. शिवाय कॅलिपरच्या मोठ्या पिस्टनला ब्रेक ऑइल जास्त लागते, तेव्हा त्याची टाकीही मोठी हवी. मागे ड्रमच राहत असल्याने संयुक्त झडपही लागते: मागचे लायनर ड्रमला टेकेपर्यंत ती पुढचा दाब रोखते आणि जोराच्या ब्रेकला मागचा दाब आवरते, नाहीतर रिकाम्या हौद्याची हलकी मागची चाके आधी जाम होतात. डिस्क स्वतःहून जोर वाढवत नाही म्हणून बूस्टर. बूस्टर इंजिनाच्या हवा ओढण्यावर चालतो; माझ्या इंजिनाची ही ओढ व्हॅक्यूमच्या मापकावर 18 इंच दिसते आणि ती बूस्टरला पुरते. पण ज्यांनी शर्यतीचा कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) घातला आहे त्यांनी आधी मापक लावून पाहावा, कारण त्याने ही ओढ कमी होते. हे सारे भाग या संचात एकमेकांना जुळणारे मिळाले, आणि माझ्या लेखी किमतीचा अर्धा मोबदला त्यातच आहे.

आता तक्रारी. कॅलिपरला होज जोडणाऱ्या बोल्टच्या दोन्ही अंगांना तांब्याचा वॉशर लागतो, म्हणजे एकूण चार. मला तीन मिळाले. माहितीपत्रक छायाप्रतीची छायाप्रत असावी इतके पुसट होते, आणि त्यात बोल्ट किती जोराने आवळायचे याचे आकडेच नव्हते, जी गोष्ट ब्रेकच्या बाबतीत मला अक्षम्य वाटते. ते आकडे मी कारखान्याच्या दुरुस्तीपुस्तिकेतून घेतले. संयुक्त झडपेचे आटे आणि माझ्या जुन्या नळ्यांचे नट जुळत नव्हते, म्हणून निकेल-तांब्याची नळी आणून, तिची टोके दुहेरी दुमडून सगळ्या पुढच्या नळ्या नव्याने वळवाव्या लागल्या. जाहिरातीतील एका दुपारचे अशा रीतीने तीन शनिवार-रविवार झाले. विक्रेत्याने वॉशर तक्रार करताच पाठवला, पण तोवर मी तो बाजारातून आणला होता.

मास्टर सिलिंडर गाडीवर चढवण्याआधी बाकावर शिकंज्यात धरून त्यातील हवा काढून घेतली, ही सूचना पत्रकात होती आणि ती पाळावीच. स्पिंडल बदलल्याने चाकांची अलाइनमेंट नव्याने करून घ्यावी लागली. हा खर्च किमतीत धरून चालावे.

खरी परीक्षा ऑगस्टमध्ये झाली. माझ्या पिकअपला मिशिगनची ऐतिहासिक वाहनाची नंबरपाटी आहे. तिच्यावर एरवी मेळावे, संचलने अशा कारणांपुरतीच गाडी काढता येते, पण ऑगस्टभर ही अट नसते. त्याच महिन्यात वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मोठी फेरी निघते आणि फर्नडेलपासून पॉन्टियाकपर्यंत गाडी दर पन्नास पावलांवर थांबवावी लागते. दिवसभरात पेडलची उंची बदलली नाही, पॅडचा वास आला नाही, आणि पुढची गाडी अचानक थांबली तेव्हा माझी सरळ रेषेत थांबली. कमी वेगात बूस्टर जरा जास्तच उतावीळ आहे. जुन्या सवयीने पाय आपटला की शेजारी बसलेला माणूस पुढे झुकतो. पहिला आठवडा घरच्यांची बोलणी ऐकावी लागली.

काढलेले ड्रम, स्पिंडल आणि जुना मास्टर सिलिंडर मी तेल लावून, कागदात गुंडाळून फळीवर ठेवले आहेत. गाडी कधी विकलीच, तर मूळ भाग मागणारा गिऱ्हाईक हमखास भेटतो, आणि सहा नटांचे ते हब आता सहज मिळत नाहीत.