एनआरव्ही की हवेची फट? पाणी उलटं फिरू नये म्हणून

आमचं घर इंदिरानगरमध्ये, खाली-वर दोन मजले. कॉर्पोरेशनचं पाणी सकाळी येतं, बाकी दिवस बोअरवर निघतो. अशा घरात ही दोन पाणी कुठेतरी एका पाइपात भेटतातच. नळ गेल्यावर आपल्याकडचं पाणी उलटं फिरून लाइनीत जाऊ नये, यासाठी एक तर एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवायचा, नाहीतर कॉर्पोरेशनची लाइन खालच्या टाकीत मोकळी सोडून मध्ये हवेची फट ठेवायची. मी पाच वर्षं पहिलं वापरलं, गेली दोन वर्षं दुसरं वापरतोय.

पाणी उलटं फिरायला फार काही लागत नाही. पुरवठा बंद झाला की रिकामी होणारी लाइन मागचं पाणी ओढून घेते. गल्लीत कोणी लाइनीलाच मोटार जोडली असेल तर ही ओढ आणखी वाढते. दुसरीकडे बोअरची मोटार लाइनीतल्या दाबापेक्षा जास्त जोरानं ढकलते. वरची टाकी 8 मीटरवर असेल तर उभ्या पाइपात साठलेल्या नुसत्या पाण्याचाच दर चौरस सेंटीमीटरला 0.8 किलोच्या आसपास दाब येतो. याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. 1933 साली शिकागोत दोन हॉटेलांच्या सदोष प्लंबिंगमुळे पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि आमांशाच्या साथीत 98 माणसं गेली.

एनआरव्हीचा फायदा खराच आहे. दाब चांगला असेल त्या दिवशी पाणी मोटार न लावता थेट वरच्या टाकीत चढतं. आमच्याकडे थंडीत पुष्कळदा चढायचं. घ्यायचाच असेल तर फडकीवाला (आत झुलती झडप असलेला) की स्प्रिंगवाला, हे जागा बघून ठरवा. फडकीवाला आडव्या पाइपावर किंवा खालून वर जाणाऱ्या प्रवाहावरच नीट बसतो. स्प्रिंगवाला कसाही बसतो, पण स्प्रिंग उघडण्यात थोडा दाब जातो आणि शेवटच्या घराला तेवढाही परवडत नाही. आमचा फडकीवाला होता, पितळी.

आमची रचना अशी होती: मीटरनंतर स्वयंपाकघराचा डायरेक्ट नळ, पुढे गेटजवळच्या चेंबरमध्ये एनआरव्ही, त्यानंतर बोअर जोडणारा टी. एका जुलैत आई म्हणाली, सकाळचं पहिलं पाणी मचूळ लागतंय. मी टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र बुडवलं. एरवी त्या नळाला 120च्या आसपास आकडा यायचा, बोअरला 650. त्या सकाळी पहिल्या ग्लासात 310 आला, बादलीभर पाणी वाहू दिल्यावर पुन्हा 125. म्हणजे रात्रभर बोअरचं पाणी एनआरव्ही ओलांडून मागे येत होतं.

चेंबरचं झाकण काढलं तर आत घोटाभर गाळ. पाना लावून दोन्ही युनियन सोडवले, व्हॉल्व्ह हातात घेतला. फडकीखाली टेफ्लॉनचा एक धागा अडकला होता आणि त्याला वाळूचे दोन कण चिकटलेले. फडकी दिसायला बंद, बोटानं दाबली की केसाएवढी उघडी. धागा काढला, व्हॉल्व्ह धुतला आणि तो पुन्हा उत्तम चालू लागला.

पण माझं मन तिथेच उडालं. व्हॉल्व्ह वाईट नव्हता. तो गळतोय हे कळायला आईची जीभ लागली, आणि किती महिने आमच्या बोअरचं पाणी शेजाऱ्यांच्या नळाला जात होतं, हे मला आजही सांगता येत नाही. दर वेळी चेंबर उपसून व्हॉल्व्ह खोलणं कोण करतं? मी पाच वर्षांत एकदाही केलं नव्हतं.

आता कॉर्पोरेशनची लाइन खालच्या टाकीत पडते, डायरेक्ट नळ टाकीच्या आधी तसाच आहे आणि बोअरची टाकी वेगळी. नियम सोपा आहे: पाइपाचं तोंड आणि ओव्हरफ्लोची पातळी यांत पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट तरी अंतर हवं, आणि ते 25 मिमीच्या खाली कधीच नको. अर्ध्या इंची लाइनीला 30 मिमी पुरतं, मी चार बोटं सोडली. ओव्हरफ्लो मात्र तुंबलेला नको, नाहीतर पाणी चढून फट बुडते.

तोटेही सांगतो. लाइनीचा दाब टाकीत पडून संपतो, त्यामुळे वर चढणारा प्रत्येक थेंब मोटारीनं जातो आणि बिल थोडं वाढतं. पहाटे टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाजही येतो. आमच्या प्लंबरनं त्यावर उपाय म्हणून पाइप लांबवून टाकीच्या तळापर्यंत नेला होता. मायेनंच केलं, पण तोंड पाण्यात बुडालं की फट गेली आणि उलटी ओढ परत आली. मी तो तुकडा कापून टोकाला एल्बो लावला. पाणी आता भिंतीवरून घसरतं, आवाज पुष्कळ कमी झाला.

जागेअभावी खालची टाकी शक्य नसेल किंवा मोटारीशिवाय वर पाणी चढणं तुमच्यासाठी मोलाचं असेल, तर एनआरव्ही घ्या, मी अडवणार नाही. फक्त मीटरकडचा व्हॉल्व्ह आणि एनआरव्ही यांच्यामध्ये अर्धा इंची तपासणीचा नळ काढून घ्या. महिन्यातून एकदा मीटरकडचा व्हॉल्व्ह बंद करा, बोअरची मोटार चालू करा आणि हा नळ उघडा. पाइपातलं उरलेलं पाणी निघून धार थांबली तर एनआरव्ही ठीक. ठिबकत राहिली तर खोलायची वेळ झाली. टीडीएसवर एकट्यावर विसंबू नका, त्यात जंतू दिसत नाहीत. मला मात्र झाकण उचलून टॉर्च मारली की चार बोटांची फट दिसते, आणि हे मी दर रविवारी खरंच करतो.